जागं केलेलं बी

गवत आपलं आपण उगवतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी जन्मात कधी गुरं पाळलेली नसतात.

गवतवालीचं घर गुरांवर चालायचं आणि गुरं घरामागच्या माळावर. माळ म्हणजे खडकाळ उतार. नांगर घातला तर आधी फाळ मोडेल. पण चांगल्या सालात त्याच्यावर मांडीला लागेल एवढं गवत उभं राहायचं, आणि ते फुकटात उभं राहायचं नाही. तुरे पिकले की गवतवाली पदराची झोळी करून माळभर फिरायची, मुठीमुठीने बी ओरबाडायची, चोळून चोळून कुसळं काढायची आणि मडक्यात भरून ठेवायची. पुढच्या साली माळ जिथे उघडा पडेल तिथे ते बी जायचं. हे काम तिने इतकी वर्षं केलं होतं की गाव तिचं खरं नाव विसरून गेलं होतं. बोटांची टोकं कुसळांनी निबर झाली होती. "हिचा हात धरायचा म्हणजे कानस धरायची," असं नवरा लग्नाच्या नवलाईत चारचौघांत म्हणाला होता, आणि त्या दिवशी तिने त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. आता म्हाताऱ्याचे डोळे गेले होते आणि तीच कानस धरून तो घरातून अंगणात आणि अंगणातून गोठ्यात जायचा. आता त्याची काही तक्रार नव्हती.

लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. पहिल्या साली गुरांनी गवत खाल्लं, दुसऱ्या साली गवताची बुडखं खाल्ली, आणि मग खुरांनी माती उकरून मुळं खाल्ली. हिरवं सोडा, माळावर पिवळंही उरलं नाही. तीन गाई आणि एक कालवड गोठ्यात उभ्या होत्या असं म्हणायचं, पण खरं तर त्या एकमेकींना टेकून होत्या. सगळ्यांत म्हातारी बांडी, शेपटी बुडाशीच तुटलेली. तिच्या कमरेचं हाड इतकं वर आलं होतं की नात तिच्यावर आपला फ्रॉक वाळत घालायची.

लेक दगडाच्या खाणीत कामाला गेला होता. खाण अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. अधूनमधून यायचा तो भुवयांवर पांढरी धूळ घेऊनच. गेल्या खेपेला आला तेव्हा आत न येता उंबऱ्यातच बसला आणि बुटाची नाडी सोडत-बांधत बोलला.

"मुकादम खोली देतोय. बायकापोरं आणणाऱ्यालाच देतोय. त्याने माणूस टिकतो म्हणे."

"कसली खोली?" गवतवालीने विचारलं.

"पत्र्याची. पण दाराशी नळ आहे."

सून चुलीपाशी होती. नळ म्हटल्यावर तिचा हात थांबला. गवतवालीने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. विहिरीवरून रोज डोक्यावर हंडे आणणाऱ्या बाईला नळ ऐकून काय होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"आणि इथलं?" म्हातारा खाटेवरून म्हणाला.

"इथलं काय राहिलंय, बाबा? गाईंना खाणीतले दगड आणून घालू?" बोलून गेला आणि वरमला. नाडीची गाठ उगाच पुन्हा मारत म्हणाला, "हे बघा, या पावसात माळ हिरवा झाला तर मी खाण सोडून येतो. शप्पथ. मला काय हौस आहे दगड फोडायची? पण नाहीच झाला, तर हिला आणि पोरीला घेऊन जाईन. गाई हिच्या भावाकडे सोडू. त्याच्याकडे कालवा आहे."

आणि आम्ही, असं गवतवालीच्या तोंडावर आलं होतं. तिने ते गिळलं. काही प्रश्न असे असतात की उत्तर माहीत असतं, फक्त ऐकायची हिंमत नसते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत चाराबाई आली. ही सरकारी खात्यातली तरणी मुलगी. स्कूटीवरून गावोगाव चाऱ्याचं सांगत हिंडायची म्हणून तिला हे नाव पडलं होतं. तोंडावर लोक मॅडम म्हणायचे. तिने मडक्यातलं बी तळहातावर घेऊन फुंकर मारली, फोल उडालं आणि उरलेलं बघून म्हणाली, "आजी, बी चांगलं राखलंय तुम्ही. पण हे तसंच टाकू नका. तसंच टाकलं तर ते मातीत विचार करत बसतं, आणि तोवर वरची ओल उडून जाते. आधी भिजवा. पोटात पाणी गेलं की बी जागं होतं. मोड फुटायच्या आत बाहेर काढा आणि सावलीत वाळवा. मग पेरल्यावर ते पटकन वर येतं, मूळही पटकन खाली जातं. कमी पाण्यात तग धरतं."

"म्हणजे पोरीला शाळेसाठी हाक मारायची, पण अंथरुणातून उठवायचं नाही," गवतवाली म्हणाली.

"अगदी तसंच!" चाराबाई हसली, मग गंभीर झाली. "पण एक लक्षात ठेवा. जागं केलेलं बी परत झोपत नाही. ते फार दिवस ठेवता येत नाही. आणि ओल वीतभर खोल गेल्याशिवाय टाकू नका. वरवरच्या ओलीला ते फसतं. कोरडं बी थांबून राहतं, हे थांबत नाही."

"बी काय जावई आहे," म्हातारा म्हणाला, "त्याला उठवून पाणी द्यायला?"

चाराबाई तोंडावर रुमाल धरून हसली. जाताना मात्र तिने गवतवालीचा हात धरून पुन्हा एकदा सांगितलं, वीतभर.

आभाळ भरून यायला लागलं तेव्हा गवतवालीने बी भिजत घातलं. जुन्या धोतराच्या पुरचुंड्या केल्या, पिंपात सोडल्या आणि वर दगड ठेवला. रात्र गेल्यावर पुरचुंडी उघडून एकेक दाणा नखाने दाबून पाहिला. दाणा फुगला होता, पोट चकचकीत झालं होतं, टोकाला पांढरा डोळा अजून आला नव्हता. तिने आणि सुनेने मिळून सगळं बी सावलीत गोणपाटावर पसरलं. नात चिमण्या हाकायला बसली आणि चिमण्यांपेक्षा जास्त गोंगाट तिनेच केला. पिंपातलं पाणी चहासारखं लाल झालं होतं, आणि त्याला शिळ्या भुशाचा आंबूस वास येत होता. ते फेकायचं नव्हतं. बियाचं पाणी बियालाच द्यायचं, पहिल्या ओळीवर शिंपडायचं, अशी त्या घराची रीत होती. सुनेने ते बादलीत काढून वर ताट झाकलं.

"सगळं भिजवलंस?" म्हाताऱ्याने विचारलं.

"सगळं."

"एक मूठ कोरडी ठेवायची होतीस. घरातल्या सगळ्यांना एकदम उठवू नये. एक तरी झोपलेलं असावं."

"तुम्ही असता की झोपलेले," ती म्हणाली. पण मडक्याचा तळ खरवडून निघालं तेवढं कोरडं बी तिने त्याच्या धोतराच्या सोग्यात बांधून दिलं. त्याच्या शब्दाबाहेर ती अगदीच नव्हती.

बी वाळलं आणि आभाळ पळालं. रोज दुपारी ढग यायचे, माळावर सावली धरायचे, आणि पाहुण्याने चहा न घेताच उठावं तसे निघून जायचे. गवतवाली दिवसातून दहादा गोणपाटावरून हात फिरवायची. दाण्यात जीव आलेला होता आणि तो कोरड्यात कोंडलेला होता. हे तिला बघवत नव्हतं.

अशात टेम्पोवाला आला. हा खाणीतून खडी घेऊन या रस्त्याने जायचा. खाणीत फोनला रेंज नव्हती, म्हणून निरोप आणण्या-नेण्याचं काम आपोआप त्याच्याकडे आलं होतं. त्याने गाडी चालू ठेवूनच ओरडून सांगितलं, "खोल्या वाटायला काढल्यात. तुमच्या लेकाने विचारलंय, माळाचं काय? काही कळवलं नाहीत तर येता बाजार सोडून पुढच्या बाजाराला तो वहिनीला न्यायला येतोय!"

सून बाहेर आली होती. तिने सासूकडे पाहिलं, सासूने आभाळाकडे.

त्याच संध्याकाळी पाऊस आला. आला म्हणजे, येऊन गेला. अंगणातली धूळ बसली, पत्र्यावर थोडा वेळ कुणी मूठमूठ वाटाणे टाकतंय असा आवाज झाला, मातीचा वास सुटला, आणि गाईंनी माना वर केल्या. बांडी तर हंबरली. सगळं झाल्यासारखं वाटलं आणि थांबलं.

सकाळी सगळं घर माळावर गेलं. सुनेच्या डोक्यावर बियाची पाटी, एका हातात लाल पाण्याची बादली. नात आजोबांचं बोट धरून. माळ वरून काळा दिसत होता, चपलेला माती चिकटत होती. कुणीही फसलं असतं.

पण गवतवाली फसली नाही, हे इथेच सांगायला हवं. तिने विळ्याच्या टोकाने जमीन उकरली. बोटाच्या दोन पेरांपर्यंत माती काळी होती. त्याखाली ती राखेसारखी भुरकट आणि कोरडी ठणठणीत. तिने आणखी एका जागी उकरलं, तिथेही तेच.

ओल बघायचा मान मात्र म्हाताऱ्याचा. डोळे होते तेव्हाही तो ती डोळ्यांनी बघत नसे. वीतभर खालची माती मुठीत दाबायची, गोळा करायचा, कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर थांबायचं, टिकला तर पेरायचं. त्याने उताराच्या पायथ्याशी बसून हात पुढे केला.

"दे. खालची दे."

सून पाटी उतरवत होती. नात खडे गोळा करत होती. गवतवालीने वीतभर खोलातली माती मुठीत घेतली, ती बोटांतून पिठासारखी गळली. तिने पुढ्यातल्या बादलीवरचं ताट सरकवलं, हात पाण्यात बुडवला, आणि त्या ओल्या हाताने दुसरी मूठ मळली. गोळा झाला. तिने तो नवऱ्याच्या हातावर ठेवला.

ओली बोटं तिने पदराला पुसली, तीही आवाज न करता. आंधळ्या माणसाचे कान तिखट असतात.

म्हाताऱ्याने गोळा दाबला. नाकाजवळ नेला. बराच वेळ तसाच धरला. मग सोडला. गोळा पडला आणि फुटला नाही.

"ओल आहे," तो म्हणाला. "टाका."

मग हात थांबले नाहीत. सुनेने झाडाच्या फांदीने माती खरवडायची, गवतवालीने बी फेकायचं, नातीने मागून पायाने दाबत यायचं. उन्हं वर आली, पाठी भिजल्या. लाल पाणी पहिल्या ओळीवर शिंपडून झालं. माळाच्या कडेला दगडांचा बांध होता, त्याला हात लावत लावत म्हातारा एकटाच गेला आणि सोग्यातलं कोरडं बी बांधाच्या बुडाशी सोडत आला. त्याला कुणी काही म्हटलं नाही. म्हाताऱ्या माणसाला हाताला काम असलेलं बरं.

चाराबाई खोटं बोलली नव्हती. पहिला बाजार भरायच्या आत माळ हिरवा झाला. आधी नातीने पाहिलं आणि ओरडत आली. सगळे धावले. उतारावर, सकाळच्या तिरप्या उन्हात, जमिनीवर नुसता हिरवा वाफारा धरल्यासारखं दिसत होतं. जवळ जाऊन बसलं की एकेक पातं वेगळं व्हायचं, सुईएवढं, टोकाला दव. गवतवालीला रडूच आलं. ती पदर तोंडाला लावून मोकळेपणाने रडली, सुनेसमोर रडली. म्हातारा गुडघ्यांवर बसला आणि तळहाताने कोंब चाचपत राहिला, तान्ह्या पोराचं डोकं चाचपावं तसा.

"किती उंच आहे गं?"

"नखाएवढं. वाढेल."

"वाढेल," तो म्हणाला.

रस्त्यावर टेम्पोचा आवाज आला तशी ती अनवाणीच पळाली. "सांग त्याला," तिने हात हलवत सांगितलं, "हिरवं झालं. माळ हिरवा झाला म्हणावं, ये!"

टेम्पोवाल्याने मान उंच करून माळाकडे पाहिलं. "खरंच की, आजी!" म्हणाला. हे खोटं नव्हतं. त्या सकाळी त्या गोष्टीत काहीही खोटं नव्हतं.

मग वारा सुटला. कोरडा, खसखसणारा वारा, दिवसभर एका अंगाने वाहणारा. ढगांचं नाव नाही. दुपारी पाती सुतासारखी वळायची, संध्याकाळी पुन्हा थोडी उलगडायची. मग उलगडेनाशी झाली. टोकं पिवळी पडली, पिवळं खाली उतरायला लागलं. गवतवालीने हंडा उचलला. सूनही उठली. विहिरीत पाणी तळाला गेलेलं, एक हंडा भरायला दोर संपेपर्यंत घागर सोडावी लागायची. तो हंडा माळावर नेऊन चुळकाचुळकाने शिंपडायचा, आणि मागे वळून बघेपर्यंत जमीन पुन्हा पांढरी. माळाला हंड्याने पाणी घालणं म्हणजे पेटलेल्या गंजीवर थुंकणं. दोघींनाही ते कळत होतं. तरी सुनेने चुंबळ डोक्यावरून उतरवली नाही. तिच्या मानेची शीर ताठ उभी राहिली होती. "तू बस आता," गवतवाली म्हणायची. "तुम्ही बसा, मग मी बसते," सून म्हणायची, आणि दोघी पुन्हा विहिरीवर जायच्या.

"आज किती उंच झालं?" म्हातारा रोज विचारायचा.

"बोटभर."

"आणि आज?"

"बोटभरच. उन्हाने जरा थांबलंय."

तो मान हलवायचा. माळावर ने, असं तो म्हणाला नाही. तिला ते बरंच वाटलं.

लेक ठरलेल्या बाजाराच्या दिवशी दुपारी टेम्पोतून उतरला. खांद्यावर वळकटी होती, म्हणजे खाणीतलं बिऱ्हाड मोडूनच आला होता. चेहरा धुतलेला, भुवया काळ्या. कितीतरी दिवसांनी गवतवालीने त्याच्या खऱ्या भुवया पाहिल्या. नात त्याच्या गळ्यात पडली. तिला तशीच कडेवर घेऊन तो घरात न जाता थेट माळावर गेला, आणि मागून गवतवाली गेली, कारण दुसरं काय करणार.

सून तिथेच होती. रिकामा हंडा पायाशी ठेवून उभी होती. लेकाने पोरीला खाली ठेवलं, उकिडवा बसला, आणि एक पातं चिमटीत धरलं. ओढावं लागलंच नाही. कोंब मुळासकट हातात आला. मूळ पांढरं, केसासारखं, दोन पेरं सरळ खाली गेलेलं. तिथे ओल संपली होती. तिथून ते आडवं वळलं होतं, थोडं चाचपडलं होतं, आणि सुकलं होतं. त्याने दुसरा कोंब उपटला. त्याचंही तसंच.

"चांगलं आलं होतं रे," गवतवाली म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "टेम्पोवाल्याला विचार. त्याने डोळ्याने पाहिलंय."

"मी कुठे नाही म्हणतोय, आई?"

"वारा सुटला म्हणून."

"हो गं. वाऱ्याला कोण काय करणार?" त्याने ते दोन्ही कोंब खाली टाकले नाहीत. शर्टाच्या खिशात ठेवले. तो ओरडला असता तर तिला सोसलं असतं. लहानपणी त्याच्यावर ती किती ओरडली होती, आज त्याने ते फेडून घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण तो सुनेचा हंडा उचलून घराकडे चालायला लागला. वाटेत त्याने पोरीला सांगितलं, "आजोबांना काही बोलू नकोस हं."

आजोबा अंगणात बसले होते. "आलास?" म्हणाले. "पाहिलंस?"

"पाहिलं, बाबा. आहे थोडंथोडं."

"हं," म्हातारा म्हणाला. "तुमच्या पायाखाली कुरकुरत होतं ते. इथपर्यंत ऐकू आलं."

दुसऱ्या दिवशी लेक खाणीवर परत गेला आणि त्याच रात्री परत आला. खोली दुसऱ्याला गेली होती, कामही. मुकादमाने त्याला सगळ्यांच्या देखत उन्हात उभं केलं होतं. "म्हणाला, गवत खायला गेला होतास ना? मग आता चर जा." हे सांगताना लेक हसला. सगळ्यांनी हसावं म्हणून हसला. कुणी हसलं नाही. सुनेने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि तोंड फिरवून उभी राहिली.

आता जवळपास काम नव्हतं. बंदरावर माणसं घेतायत असं कळलं. बंदर म्हणजे दोन दिवसांचा प्रवास, एकदा गेलं की सहज येता न येण्याजोगं. खाण होती तेव्हा निदान टेम्पो तरी होता. गवतवाली हा हिशेब मनात पुन्हा पुन्हा मांडायची. तो खाणीतून येऊ नये असं काही तिने केलं नव्हतं, यावा म्हणूनच केलं होतं. आणि त्यापायी तो आता खाणीपेक्षाही लांब चालला होता. तिला कितीदा वाटलं, त्याला एका बाजूला घ्यावं आणि सांगून टाकावं की तो गोळा मी मळला, ओल नव्हतीच. जीभ उचलली नाही. जाणाऱ्या पोराच्या डोक्यावर आईचं हे ओझं आणखी कशाला, असं ती स्वतःला समजवायची. खरं कारण एवढंच होतं की त्याने जाताना तिच्याकडे पूर्वीसारखंच बघावं असं तिला वाटत होतं.

गाई न्यायला सुनेचा भाऊ आला. कालवड कालव्याच्या वासाने निघाल्यासारखी निघाली, दोन गाईही गेल्या. बांडी रस्त्याला लागेना. तिची शेपटी पिरगाळायला हात घातला तर हातात यायला शेपटी होती कुठे? शेवटी गवतवालीच पुढे चालली, मूठ बंद करून, मुठीत काहीतरी आहे असं दाखवत, आणि बांडी तिच्या मागे. वळणापर्यंत ती तशीच गेली. तिथे भावाने कासरा घेतला. बांडीने गवतवालीची मूठ नाकाने उघडली. आत काही नव्हतं. जनावर होतं म्हणून काही बोललं नाही.

निघायच्या दिवशी सुनेने सगळं घर सारवल्यासारखं लख्ख केलं, पिंप भरलं, विळ्याला धार लावली. चौकटीशी उभी राहून म्हणाली, "आई, मला नळ हवा होता. खोटं कशाला बोलू? पण असा नको होता." गवतवालीने तिला जवळ घेतलं. सुनेच्या मानेवर चुंबळीखालचा घट्टा होता, तिच्या निबर बोटांना तो लागला. लेकाने दोघांनाही वाकून नमस्कार करत सांगितलं की पोचल्यावर दर रविवारी टेम्पोवाल्याला फोन करीन, तो निरोप देईल. मग नात रडायला लागली आणि तिला गप्प करता करता बाकीच्यांचं रडायचं राहून गेलं.

घर दोघांचं झालं. दोघांच्या घराला आवाज नसतो. म्हातारा सवयीने गोठ्यापर्यंत जायचा, गव्हाणीच्या कडेवर हात ठेवून उभा राहायचा, परत यायचा. ती सवयीने चार माणसांचं पीठ मळायची.

खरा पाऊस त्यानंतर आला. उशिराने, गुपचूप, कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नसल्यासारखा. रात्री लागला तो सकाळीही होता, दुसऱ्या दिवशीही होता. माळावरून पाणी वाहिलं. पिवळी झालेली पाती त्यात सडून गेली. गवतवाली दारात बसून बघायची. आता पडतोस, एवढंच ती एकदा म्हणाली.

उघडीप झाल्यावर म्हातारा म्हणाला, "बांधापर्यंत ने."

"चिखल आहे."

"असू दे."

ती त्याला घेऊन गेली. माळ तांबडा, धुतलेला, उघडा. पण बांधाच्या बुडाशी, दगडांना धरून, एक हिरवी पट्टी उठली होती. सोग्यातलं कोरडं बी. पातं रुंद, गर्द, वाऱ्याने हलणारं. ती एक उपटायला गेली तर ते आलं नाही. मातीने घट्ट धरलं होतं.

म्हातारा खाली बसला. हात फिरवला.

"वीतभर झालंय," तो म्हणाला. या वेळी त्याने तिला विचारलं नाही.

"अहो," ती म्हणाली, "मी त्या दिवशी तो गोळा..."

"माहीत आहे."

ती त्याच्याशेजारी खाली बसली.

"त्याला बियाच्या पाण्याचा वास होता. भुशाचा, आंबूस. पावसाच्या मातीला असला वास येतो होय?" त्याचा हात गवतावर फिरतच होता. "डोळे गेलेत माझे. नाक शाबूत आहे."

"मग टाका का म्हणालात?"

त्याने एक पातं बोटांत धरून मुळापर्यंत चाचपलं. "तुला तो यायला हवा होता," म्हणाला. "मला नको होता का?"

तिने त्याचा हात धरला. इतक्या वर्षांत दिवसाउजेडी, उघड्यावर, कारण नसताना तिने त्याचा हात धरला नव्हता. दोघंही तिथे ओल्या दगडावर बसून राहिले.

रस्त्यावरून टेम्पोचा भोंगा वाजला. टेम्पोवाला गाडी थांबवून खाली उतरला आणि माळाच्या कडेपर्यंत आला. "आजी! सगळे खुशाल आहेत म्हणून सांगितलंय. पोरगी शाळेत जाते. खोलीचं अजून जमलं नाही, पण जमेल म्हणाला. उद्या रविवार, पुन्हा फोन येईल त्याचा. काय सांगू?"

"सांग, आम्ही बरे आहोत."

त्याने मान वळवली तेव्हा त्याला बांधाकडचं हिरवं दिसलं. चेहरा उजळला त्याचा. "अरे वा! माळ उठला की! हेसुद्धा सांगतो."

गवतवाली झटकन उठली. चिखलात पाय घसरला, सावरली, हात हलवत पुढे आली.

"ते नको सांगूस," ती म्हणाली. "सांगितलंस तर तो येईल."